फुकटची कैरी

फुकट मिळालेली वस्तू परत करायला भांडणारा माणूस मी अख्ख्या मुलुंडात एकच पाहिला. आमच्या शेजारचे तावडेकाका.

सोसायटीमागच्या मैदानात दर रविवारी शेतकरी बाजार भरतो. गेल्या हिवाळ्यात जुन्नरच्या एका बाईने काकांच्या पिशवीत वालाच्या शेंगांवर कौतुकाने एक कैरी टाकली. काका फाटकापर्यंत पोचले होते, तिथून तरातरा परत आले.

"महिनो खयचो?"

बाई गांगरली.

"डिसेंबरात कैरी? ही झाडाची नाय, ट्रकाची! काढ, काढ आधी!"

आजूबाजूचे हसले. मीही पोटभर हसून घेतलं.

"महिनो खयचो?" म्हणजे महिना कुठला, हा काकांचा ठेवणीतला प्रश्न. पावसाळ्यातल्या मटारला, दिवाळीतल्या कलिंगडाला, सगळ्यांना तोच. एकदा भर मे महिन्यात माझ्या पिशवीत गाजरं दिसली, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. असल्या खडूस म्हाताऱ्याबरोबर काकूंनी जन्म कसा काढला असेल, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

काकूंना मात्र बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांना काही आठवत नाही, एवढंच कानावर होतं. पुढे एका रविवारी लिफ्ट बंद पडली, म्हणून काकांची पिशवी मी वर नेली आणि त्यांच्या घरात गेले.

काकांनी पिशवी काकूंच्या मांडीवर ठेवली. काकू एकेक भाजी चाचपून हुंगू लागल्या. "तुम्ही कोण?" असं स्वतःच्या नवऱ्याला विचारणारी ती बाई वालाची शेंग नाकाशी धरून म्हणाली, "थंडी पडली वाटता. गोधडी काढूक व्हयी."

"काढतंय गो," काका म्हणाले. एवढ्या मऊ आवाजात ते बोलू शकतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

स्वयंपाकघरात पाणी देताना ते म्हणाले, "एवढाच कळता तिला. कुठला महिना चाललाय ते. पण कैरी दिसली की वाट लागते बघ. कैरी आली म्हणजे परीक्षा संपली, संजू हॉस्टेलवरून येणार. दारात खुर्ची टाकून बसते. जेवत नाय."

संजू त्यांचा एकुलता एक. शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी येताना घाटात गाडी उलटली, त्यात गेला.

"मग मला सांगावं लागतं," काका म्हणाले. "दर वेळी तिचा पोरगा नव्याने मरतो."

मी ग्लास ओट्यावर ठेवला.

यंदाही बाजारात वाल आलाय, कोनफळं आलीत. परवाच्या रविवारी काका ते सगळं ओलांडून जुन्नरच्या बाईपुढे उभे राहिले.

"कैरी आसा?"

बाई त्यांना आता चांगली ओळखते. "काका, महिना कुठला?" तिने चेष्टेने विचारलं.

काका हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय पण दिलं तरी हुंगत नाय आता. शेंगा हातातून गळून पडतात. थंडी नाय, पाऊस नाय. नुसती भिंतीकडे बघत बसते."

बाईने शेजारच्या गाळ्यावरून एक कैरी आणून दिली. काकांनी देठाशी हुंगून बघितलं, सदऱ्याला पुसून ती पिशवीत ठेवली.

"काका, पुन्हा दारात बसल्या तर?" मी विचारलं.

"बसूदे गो," ते म्हणाले. "वाट तरी बघूदे कोणाची."