बारा चित्रांची गोधडी

"कोरं कापड आधी पाण्याला दाखव गं, मग सुईला भेटव! नाहीतर धुतल्यावर कापड आक्रसतं आणि शिवणारीचं तोंडही!"

वाईच्या सरूआत्याचा हा आवाज विरून तीस वर्षं झाली होती. पण सुरेखाच्या कानात तो लुगड्याच्या काठासारखा पक्का बसला होता. सिंगापुरात, बेडोकच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, १९९६ साली याच आवाजानं तिचा घात केला.

सुरेखाचा नवरा मनोहर बोटीवर इंजिनिअर. चार महिने समुद्राचा, दीड महिना घराचा. दहा वर्षांची इरा शाळेत. उरलेल्या लांबलचक दिवसांना एकच खिडकी होती, ती म्हणजे मिसेस लिम यांच्या घरचं मंगळवारचं शिवणमंडळ. पाच बायका जमायच्या, आणि तेवढे दोन तास सुरेखाला आपण परमुलखात आहोत हे आठवायचं नाही. आता त्या मिसेस लिमच पर्थला, मुलाकडे, कायमच्या निघाल्या होत्या. निरोपाला गोधडी द्यायची ठरली. त्यांच्याच पसंतीचे छापील तुकडे अमेरिकेहून आले. पांढऱ्या कापडावर फिकट निळ्या रेघांची बारा चित्रं होती: मांजर, बदक, किटली, छत्रीवाली मुलगी. रेघेवरून लाल दोऱ्याचा देठटाका घालत जायचं, बस!

"वाटून घेऊया," चित्रा म्हणाली. ही मंडळातली दुसरी मराठी, पुण्याची.

"छे! पाच हातांचे पाच तऱ्हेचे टाके दिसतील. मी एकटी करते. बारा दिवसांत!"

"बाराच्या बारा?"

"अगं, झोपेतसुद्धा करीन!"

घरी येऊन तिनं पदर खोचला आणि आत्याला स्मरून बाराही तुकडे बादलीत बुडवले. वर चिमूटभर मीठ. चहा पिऊन परत आली तर बादलीत आभाळ उतरलेलं, आणि तुकडे बारावीच्या नापासांच्या उत्तरपत्रिकांसारखे कोरेकरकरीत! एक रेघ नाही!

इरानं पाकीट उलटून वाचलं. "मम्मी, लिहिलंय, रेघा पाण्यानं जातात. फर्स्ट स्टिच, देन वॉश."

"मेले, हे आधी नाही का वाचायचं?"

"यू नेव्हर आस्क, व्हॉट!"

पुन्हा मागवायचे तर सहा आठवडे. निरोप बारा दिवसांवर. सुरेखा बादलीशेजारी बसली. एवढा विश्वास टाकलेल्या बायका आता काय म्हणतील? मंगळवार गेला की आपल्यापाशी उरेल काय?

दुसऱ्या दिवशी चित्राचा फोन. "किती झाले गं?"

"चार!" सुरेखाच्या तोंडून निघालं. एकदा चार म्हटल्यावर चार करणं आलं.

तिनं पेन्सिल घेतली. आठवून आठवून चित्रं काढायला लागली. पण हाताला सवय रांगोळीची! बदकाला मोराचा पिसारा फुटला. किटलीचा कमंडलू झाला. छत्रीवाली मुलगी सूप घेऊन पाखडायला बसली. मनोहरचा बंदरावरून फोन आला, तर तो म्हणाला, "सोपं आहे गं, आधी मांजराचं फ्रंट एलिव्हेशन काढ!" तिनं फोन ठेवून दिला.

पाचवं चित्र पाहून इरा किंचाळली, "मम्मी, दिस वन नॉट कॅट लाह! हे तर खालचे प्रबोधकाका!"

शनिवारी चित्रानं विचारलं, "आता किती?"

"दहा."

"मग बघायला येते!"

"नको, नको! ताप आलाय!"

तापानं घात झाला. मंगळवारी अख्खं शिवणमंडळ भाताची पेज घेऊन दारात! सुरेखा घाईघाईनं पांघरुणात शिरली. प्रबोधकाका, मोर आणि कमंडलू, सगळे तिच्याबरोबर आत. मिसेस लिम मायेनं पलंगाच्या काठावर टेकल्या, आणि "आय्यो!" करून वीतभर उडाल्या. पांघरुणातून सुई डोकावत होती, सुईला लाल दोरा होता आणि दोऱ्याला मांजर!

चित्रानं ते हातात घेतलं. सरळ धरलं. उलटं धरलं.

"सुरेखा, याला मिशा आहेत की हा हसतोय?"

सुरेखाचा बांध फुटला. बादली, मीठ, निळं पाणी, सगळं सांगून टाकलं. "फक्त पाच झालेत! तीही ही अशी! रविवारपर्यंत गोधडी होत नाही. मंडळातून मला काढून टाका!"

कुणी हसलं नाही, हेच वाईट. मिसेस लिमनी मांजर मांडीवर पसरलं, त्याच्या वाकड्या कानावरून बोट फिरवलं आणि त्या रडायला लागल्या. रडण्याजोगंच होतं ते मांजर! सुरेखानं तोंडावर पांघरूण ओढलं.

"सॉरी, मिसेस लिम," ती आतून पुटपुटली.

पांघरूण हळूच खाली ओढलं गेलं. मिसेस लिमचा सुरकुतलेला चेहरा अगदी जवळ आला होता.

"मी जात नाहीये," त्या म्हणाल्या. "मुलानं महिन्यापूर्वीच कळवलं, आई, आत्ता नको, घर लहान पडेल. पण तुम्ही सगळ्या इतक्या हौसेनं लागला होतात, कोणत्या तोंडानं सांगू? रोज सकाळी उदबत्ती लावून एकच मागत होते, देवा, सुरेखाच्या हातून ही गोधडी काही पूर्ण होऊ देऊ नकोस!"