टिचकीबंदीची बखर

श्री. ज्या मातीवर मनुष्याचे अन्नपाणी चालते त्या मातीस पहिला दंडवत, ती मळणाऱ्या हातांस दुसरा, आणि सिंहासनास तिसरा मुजरा करून हकिकत लिहितो. सिंहासनास तिसरा मान का, म्हणून कोणी रागे भरू नये, पुढे वाचिता कळेल. शके सतराशे चार, शुभकृत नाम संवत्सर, माघ मास. दक्षिणप्रांती एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले म्हणजे वंशज भांडावयास येतात. महाराज तरुण, दिलाचे उदार, प्रजेवर पोटच्या लेकरांपरी माया. खोड एवढीच की प्रजेचे कोणतेही काम प्रजेने आपले आपण केले तर त्यांच्या जिवास चैन पडत नसे. नदीच्या नावेस हुकूम दिधला होता की नगारा वाजताच नाव सुटावी, आणि मग नावेत कोणी बसले असो वा नसो नाव सुटे, आणि रिकामी नाव डौलात पलीकडे जाई, आणि माणसे काठावर उभी राहून नावाड्यास शिव्या देत. महाराज म्हणत, पाहा कैशी वेळेवर जाते.

ऐसे चालले असता एके दिवशी दोन प्रहरी महाराज भोजन करून आडवे जाहले, तो पेठेतून मोठा कल्लोळ उठला. महाराज दचकले, शत्रू आला म्हणून तलवार मागितली, आणि गच्चीवर जाऊन पाहतात तो कुंभारआळीत बायका मडकी घेत होत्या. रीत ऐसी होती की बाईने मडके उचलावे, कानाशी न्यावे, टिचकी मारावी, आवाज टणटणीत आला तरी नाक मुरडावे, आणि कुंभारणीने भाव सांगावा, आणि बाईने कपाळास हात लावावा, आणि कुंभारणीने लेकराची शपथ घ्यावी, आणि बाईने चालू पडावे, आणि कुंभारणीने हाक मारावी, आणि बाईने ऐकू न आल्यासारखे करून मग परत यावे, आणि शेवटी दोघींनी आपण पार बुडालो ऐसे म्हणत हसत हसत सौदा पुरा करावा. गच्चीवरून महाराजांस भांडण तेवढे दिसले, हसणे दिसले नाही. डोळ्यांत पाणी आणून बोलिले, "अरेरे, माझी प्रजा मातीसाठी गळे धरिते, आणि मी झोपा काढितो!" तत्काळ अंताजीपंतांस बोलावू धाडिले.

अंताजीपंत म्हणजे दफ्तरातला तल्लख कारकून, नेकीचा, इमानी, हुकूम कागदावर उतरवून घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मागले वर्षीच त्याचे तीर्थरूप कैलासवासी जाहले होते, आणि घरी म्हातारी आई आवडाबाई. महाराजांनी त्यास शेला दिधला, मडकेदार ऐसा नवा हुद्दा दिधला, आणि म्हणाले, "पंत, आजपासून मडकी सरकारची. गलका बंद जाहला पाहिजे." पंत आनंदाने फुगून घरी आला, तो आवडाबाई शेल्याचा काठ चाचपून म्हणते, "अरे अंतू, फडणिशी मिळणार म्हणत होतास, आणि शेवटी मडकी मिळाली होय रे?" पंताने कान दिधला नाही. बैसून कलमे लिहिली. लहानमोठ्या सर्व मडक्यांचा भाव एक. गिऱ्हाइकाने निवड करू नये, कारकून देईल ते मडके घ्यावे. मडक्यावर सरकारी शिक्का असावा. आणि टिचकी कोणी मारू नये, कारण मडके सरकारी, तेव्हा त्यास वाजवून पाहणे म्हणजे सरकारास वाजवून पाहणे. जो मारील त्याची बोटे चिंधीने बांधावी आणि गाठीवर लाखेचा शिक्का करावा, महिनाभर सोडू नये. दवंडी पिटली, आणि बाजार ऐसा शांत जाहला की महाराज संध्याकाळपर्यंत घोरत पडले आणि उठून पंतास सोन्याचे कडे दिधले.

आता ऐका पुढे काय गंमत जाहली. कुंभारआळीत ठकाई नावाची कुंभारीण होती. तोंडाची तिखट, हाताची सोन्यासारखी, चार गावच्या बायका तिचेच मडके मागत. पंत तिच्या दारी गेला तो ती ओसरीवर पाय पसरून पान खात बसली होती, आणि चाक बंद. पंत म्हणाला, "ठकाई, भर उन्हाळा तोंडावर आला, आणि तू बसून राहिलीस?" ती म्हणाली, "मग काय करू, पंत? माझं मडकंबी त्याच भावानं, आन त्या शेजारच्या आळश्याचंबी त्याच भावानं. त्यो माती मळत न्हाई, नुसती तुडवतो. भट्टीला जळण घालत न्हाई, दाखवतो. आन बाईला काय मिळंल ते तुमच्या कारकुनाच्या मर्जीवर. मी कुणासाठी मरमर करू?" पंत म्हणाला, "महाराजांसाठी कर." ती म्हणाली, "म्हाराज येत्यात व्हय पाणी भराया?" यावर पंत रागावून निघून आला. त्यात शिक्क्याचा घोळ निराळाच. कुंभाराने मडके घडवावे, आणि कारकुनाने ओल्या मातीवर शिक्का उमटवावा ऐसे ठरले, परंतु कारकून जेवून, वामकुक्षी करून, पान लावून येईतो मडके वाळून खडखडीत होई, आणि मग तो सुक्या मडक्यावर शिक्का हाणी, आणि नेमकी शिक्क्याखाली बारीक चीर जाई. फाल्गुन लागला आणि घरोघरी राजमुद्रेतून पाण्याची धार सुटली. चुली विझल्या, अंथरुणे भिजली. तक्रारी दरबारी आल्या तेव्हा पंताने नवे कलम काढिले की सरकारी मडके गळत नाही, त्यास घाम येतो. लोक हसले, आणि चोरून टिचक्या मारू लागले, आणि निम्म्या गावाची बोटे चिंधीत गेली. वरणभात कालवता येईना, म्हणून नवरे बायकांना आणि बायका नवऱ्यांना भरवीत. त्यापायी काही घरची जुनी भांडणे मिटली म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

नवे साल शोभन नावाचे लागले, चैत्र सरला, आणि अक्षय्य तृतीया उद्यावर आली. त्या दिवशी घरच्या गेलेल्या माणसाच्या नावे कोऱ्या मडक्यात पाणी भरून, वाळा घालून, पूजा करून दान देतात, हे सर्वांस ठाऊकच आहे. पंताच्या वडिलांची ही पहिलीच तृतीया. आवडाबाई म्हणाली, "अंतू, तुझे वडील कचेरीतून आले की पगडीसुद्धा न काढता आधी पाणी मागायचे, आठवतं ना? शेवटच्या दुखण्यात वैद्यानं पाणी तोडलं होतं. तहानलेलेच गेले रे ते. उद्या त्यांच्यापुढं मडकं ठेवायचं ते न गळणारं ठेवायचं. तू मडक्यांचा मोठा सुभेदार, एवढं एक मडकं तर आणशील?" पंत सरकारी कोठारात गेला, बऱ्यापैकी पाहून मडके आणिले, आईने पाणी ओतले, आणि शिक्क्यातून धार लागली. दुसरे आणिले, तेही तसेच. तिसऱ्याचे तर बूडच हाती आले. कोठारात उभा राहून टिचकी मारून पाहावे तर पहारेकऱ्यांचे डोळे त्याजवर, आणि कलम त्यानेच लिहिलेले. साऱ्या राज्याची मडकी ज्याच्या हुकुमात, त्यास बापापुरते एक मडके मिळेना. आई ओली फरशी तेवढी पुसू लागली, आणि ते पंतास बोलण्यापेक्षा अधिक लागले.

इतक्यात हवालदार धावत आला की वेशीबाहेर चिंचेच्या बनात चोरटा बाजार भरला आहे, बायका बिनशिक्क्याची मडकी घेतात आणि उघड टिचक्या मारतात. पंताचा सगळा राग तिकडे वळला. शिपाई घेऊन निघाला, बनास वेढा दिधला, आणि आत शिरतो तो काय पाहावे, ठकाईपुढे घट्ट पदर खोचून आवडाबाई बसली आहे! पंत शिपाई जमवी तोवर ही मागल्या दाराने निघून त्याच्या आधीच येऊन पोहोचली होती. मडके कानाशी, बोट वाकडे, आणि टण्‌ आवाज बनभर घुमला. म्हणते, "ठके, भाव ऐकून माझे कान किटले! हे मडकं आहे की सोन्याचा हंडा?" ठकाई म्हणते, "आजी, लेकराची शपथ, सरपणाचा खर्च निघत न्हाई!" "तुला लेकरू तरी आहे का गं?" "शेजारणीचं हाय की!" आणि दोघी खदखदा हसल्या. हवालदार पंताच्या तोंडाकडे पाहू लागला. पंत म्हणाला, "आई, तू सरकारचा गुन्हा केलास." आवडाबाई म्हणाली, "केला. बांध बोटं. पण आधी हे मडकं घरी पोचव, दोन्ही हातांनी धर, आणि वाटेत आदळू नकोस." आणि मडके त्याच्या हाती दिधले. ते थंडगार, हलके, चहूकडून सारखे. पंतास राहवले नाही. त्याने बोट वाकविले आणि टिचकी मारिली. तो आवाज ऐकून त्यास आपले वडील दाराशी उभे राहून पाणी मागताहेत ऐसा भास जाहला, आणि सर्व शिपायांदेखत तो रडला. मग हवालदार घसा साफ करून म्हणाला, "पंत, वेढा असू द्यावा, पण आमच्याबी घरी उद्या तृतीया हाय," आणि सारे शिपाई भाले चिंचेस टेकवून मडकी वाजवू लागले.

पंताने घरचा रस्ता धरिला नाही. मडके उराशी धरून थेट दरबारी गेला, आणि मागून आवडाबाई, आणि मागून ठकाई, आणि मागून चिंध्या बांधलेला अर्धा गाव. हुद्दा जाणार, कडे जाणार, कदाचित घरही जाणार, हे त्यास पक्के ठाऊक होते. हात जोडून म्हणाला, "महाराज, मी टिचकी मारिली. शिक्षा करावी. परंतु उद्या माझ्या बापास हेच मडके द्यावे लागेल, कारण सरकारचे एकही मडके पाणी धरीत नाही. आपला हुकूम मी गावभर फिरविला, माणसांनी ऐकला. मडक्यांनी ऐकला नाही." महाराजांचा चेहरा लाल जाहला. म्हणाले, "उद्या आम्हांसही आमच्या कैलासवासी तीर्थरूप थोरल्या महाराजांचे मडके भरावयाचे आहे. आमचे मडके गळते म्हणता?" पूजेसाठी ठेविलेले सरकारी मडके आणविले, भरले, आणि राजमुद्रेतून धार सुटून थेट सिंहासनाच्या पायरीवर गेली. महाराजांनी ते मडके रिते केले, कानाशी नेले, टिचकी मारिली, ठप्प वाजले. मग पंताचे मडके घेतले, टिचकी मारिली, टण्ण वाजले. महाराजांचे तोंड लहान मुलासारखे उजळले, पुन्हा मारिली, आणि पुन्हा मारिली, तो आवडाबाई मोठ्याने बोलली, "महाराज, टिचकी!"

चिंधीवाला कारकून सवयीने चिंधी घेऊन दोन पावले पुढे आला, आणि आपण कोणापुढे आलो हे कळताच चिंधी पाठीमागे लपवू लागला. महाराजांनी त्याजकडे पाहिले, आपल्या बोटाकडे पाहिले, आणि ऐसे हसले की मंदील डोळ्यांवर आला. म्हणाले, "बांधा. कायदा आहे." आणि खरोखर बोट पुढे केले, आणि सायंकाळपर्यंत तशीच चिंधी मिरवली, जेवताना कढी अंगरख्यावर सांडली तरी सोडविली नाही. मग हुकूम जाहला की टिचकीबंदी उठली, सर्वांच्या चिंध्या सोडाव्या, भाव ज्याचा त्याने करावा. सरकाराने मातीच्या तळ्याचा गाळ काढावा, बाजारवाट दुरुस्त ठेवावी, बाजारात सावलीस मांडव घालावा, कोणी फुटके मडके लाखेने बुजवून विकील तर त्यास धरावे, आणि एरवी गप्प बसावे. मडकेदारी मोडली. नावाड्यासही सांगून पाठविले की माणसे बसल्यावर नाव सोड, बाबा. आणि महाराज स्वतः पायी कुंभारआळीत आले, थोरल्या महाराजांसाठी ठकाईचे मडके उचलिले, तिने भाव सांगितला, आणि महाराजांस घासाघीस येत नसल्याने त्यांनी मागितले तेवढे देऊन टाकिले. सगळ्या बायका कपाळास हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, राजाला बुडवला!" ठकाईने लाजून त्यांस एक पणती फुकट दिधली.

दुसरे दिवशी अंताजीपंताने स्नान करून पाट मांडिला, गव्हावर मडके ठेविले, पाणी भरले, वाळा सोडिला, आणि वडिलांचे नाव घेऊन नमस्कार केला. अंगावर शेला नव्हता, हातात कडे नव्हते, आणि हुद्दा नाही म्हणून लोक काय म्हणतील हेही त्याच्या मनात आले नाही. आवडाबाई जवळ येऊन बसली. मडक्याखाली हात घालून गहू चाचपले, पाटाभोवती फरशीवरून तळवा फिरविला. कोरडी ठणठणीत. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "प्यायले रे, अंतू. पोटभर प्यायले."

येणेप्रमाणे त्या राज्यात एका उन्हाळ्यात घडले ते लिहिले. तात्पर्य इतकेच की राजाने वाट राखावी, तळे राखावे, लबाड धरावा, आणि मडके मात्र ज्याच्या घरी तहान आहे त्याचे त्याने वाजवून घ्यावे. ज्यास यात शंका असेल त्याने घरचे मडके भरावे आणि सकाळी फरशी पाहावी. बखर पुरी जाहली. वाचणारांचे माठ सदा गार राहोत.