नांदुरी घाटातील चोवीस खटक्यांची मोहीम

॥ श्री सप्तशृंगनिवासिनी प्रसन्न ॥

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ मासी, नाशिक शहरी गंगापूर रोडवरील एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप दरबारी ऐसी वदंता उठली की, बी विंगमधील राजश्री रोहितराव यांनी कांद्याची गोणी मोटारीत पुढील आसनी बसवून तिजला पट्टा बांधिला आणि 'आई' म्हणून हाक मारिली, सबब त्यांचे चित्त ठिकाणी नाही. ही बदनामी दूर होऊन तमाम सभासदांची खातरजमा व्हावी, याकरिता हा मजकूर साद्यंत लिहिला. यात पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास चवीपुरते.

रोहितराव अंबडच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांस वळणांचा बहुत शौक. सरळ रस्ता लागला की जांभया येत आणि घाट दिसला की खासे जागे होत. त्यांच्या मातोश्री लंकाबाईसाहेब, मूळच्या चांदवडच्या, तीस वर्षे देवीस जात, त्या एष्टीने, बहुधा उभ्या. मग रोहितरावांनी मोटार घेतली आणि शपथ वाहिली की, यंदाची ओटी आई आपल्या गाडीतून, पुढे बसून नेईल. परंतु वळणांचा शौकही सोडवेना. दोन्ही साधावे, ऐसा बेत केला, आणि येथेच सगळे बिघडले.

मसलतीस साडू दिनेशराव आले. हे व्हिडिओ पाहून पंडित जाहलेले. स्वतःची गाडी पाथर्डी फाट्यापलीकडे कधी नेली नाही. त्यांनी सल्ला दिला की, वळणावर गाडी झुकली तर इभ्रत गेली, सबब शॉकअप असे घालावे, ज्यांचा कडकपणा कळ फिरवून कमीजास्त होतो, आणि मग ते होतील तितके कडक ठेवावे. त्याप्रमाणे पेठ रोडवरील गोटीराम मिस्त्रींकडे नवे शॉकअप बसले. प्रत्येकाच्या कळीस खटके चोवीस. एक म्हणजे अगदी मऊ, चोवीस म्हणजे दगड. मिस्त्रींनी पुसिले, "साहेब, गाडीत वजन किती टाकणार?" रोहितरावांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि चारी चाके चोवीसवर आणविली. शिवाय गाडी हलकी राहावी म्हणून, गडावर प्रसादाचे दुकान चालविणाऱ्या नवसाबाई मावशींकरिता काढून ठेविलेली कांद्याची गोणीही डिकीतून उतरविली. चांदवडची माणसे बहिणीच्या दारी कांद्यावाचून जात नाहीत. मातोश्रींनी गोणी उतरताना पाहिली, आणि ओठ घट्ट मिटून त्या गाडीत बसल्या.

मंगळवारी कूच जाहले. गाडी दिंडोरी रोडचा एकेक खड्डा मोजीत चालली, आणि प्रत्येक खड्डा थेट मातोश्रींच्या मणक्यास जाऊन भेटे, आणि मांडीवरचा ओटीचा नारळ उडे, आणि त्या तो झेलीत. दिंडोरी स्टँड येताच फर्मान सुटले, "थांबव. माझी हाडं मोजून झाली. मी एष्टीनं जाते." आणि पिशवी उचलून त्या गडाच्या बसमध्ये चढल्या. मग रोहितराव बसच्या मागोमाग निघाले. मातोश्रींनी एकदाही वळून पाहिले नाही. खरे सांगावे तर रोहितरावांना रडू आले, परंतु हायवेवर तशी सोय नसते.

नांदुरीस बस पुढे निघून गेली, आणि रागाच्या भरात त्यांनी घाट जोरात घेतला, तों चौथ्या वळणावर उखडलेले डांबर आले, आणि कडक चाक रस्ता सोडून हवेत गेले, आणि गाडी वळायची सोडून सरळ दरीकडील कठड्याच्या दिशेस सरकली. ब्रेक लागले म्हणून ही हकीकत लिहिण्याचा योग आला. वळणासाठी केलेला कडकपणा वळणातच दगा देतो, हे त्या दिवशी समजले.

मग दुसरी मोहीम. संतापून सर्व खटके एकवर आणिले आणि पत्नी तेजस्विनीबाईंस बरोबर घेतले. गाडी डावीकडून उजवीकडे डुलू लागली आणि तिसऱ्या वळणावर तेजस्विनीबाईंनी तोंडावर रुमाल धरिला. उतरल्यावर त्या इतकेच वदल्या, "अहो, ही गाडी आहे की पाळणा? आईंना यात बसवलंत तर मीही एष्टीनेच जाईन." ही दुसरी शिकस्त.

अखेर रोहितराव मान खाली घालून गोटीराम मिस्त्रींच्या दारी हजर जाहले. मिस्त्रींनी चहा पाजिला आणि म्हणाले, "लय कडक केलं तर चाक उडतं, लय मऊ केलं तर गाडी डोलते. पण तुम्ही रिकामी गाडी जोखता, साहेब. आई बसणार, गोणी बसणार. त्यांना धरून जोखा ना."

रोहितरावांचे डोळे उघडले. परंतु मातोश्रींचे वजन पुसणार कोण? ते धाडस दिनेशरावांनीही नाकारिले. तेजस्विनीबाईंनी डॉक्टरांच्या फायलीतून बासष्ट किलोचा आकडा हेरून आणिला. मग पन्नास किलोची दुसरी कांद्याची गोणी पुढील आसनी बसविली, वर बारा किलोची पिशवी ठेविली, पट्टा बांधिला, आणि नवसाबाईंची गोणी डिकीत चढविली. तीन दिवस पहाटे नांदुरी घाट चढले. पाच-पाच खटके फिरविले, मग दोन-दोन, मग एकेक. एका वळणावर माकड आडवे आले, आणि ब्रेक लावताना त्यांच्या तोंडून निघून गेले, "आई, धरून बस!" नेमके तेव्हाच सोसायटीचे चेअरमन बाजूनेच दर्शनास चालले होते. वदंतेचे मूळ ते हेच.

चौथ्या दिवशी गाडी वळणात टेकून राहिली, उखडलेल्या डांबरावर चाके रस्त्यास धरून चालली आणि वेगही मनाजोगता राहिला. खटके ठरले पुढे अकरा, मागे चौदा.

पुढील शुक्रवारी मातोश्रींस विनंती केली. त्यांनी प्रथम डिकी उघडून गोणी आहे याची खात्री करून घेतली, मग बसल्या. वणी मागे पडली, नांदुरी आली, आणि रोहितरावांनी घाट आपल्या शौकाने घेतला. न रेंगाळता, न दामटता. शेजारून शब्द नाही. त्यांना वाटले, आई रागावली. गडावर गाडी उभी करून भीतभीत पाहिले, तों मातोश्री गाढ झोपलेल्या, नारळ मांडीवर जागच्या जागी.

इंजिन बंद होताच त्या जाग्या जाहल्या. "थांबला का रे? घाट लागायचाय ना अजून?"

"आई, गड आला," मागील आसनावरून तेजस्विनीबाई म्हणाल्या.

मातोश्रींनी खिडकीबाहेर पाहिले, मग खाली दरीत उतरणाऱ्या रस्त्याकडे पाहिले, आणि हुकूम केला, "तीस वर्षं एष्टीत डोळे मिटूनच आले मी. घाट कसा असतो ते बघितलंच नाय. उतरताना झोपू देऊ नको मला. आणि हळू चालवशील तर याद राख."

येणेप्रमाणे माघ मासी, शुक्रवारी, नांदुरी घाट फत्ते जाहला. दर्शन, ओटी आणि नवसाबाईंकडील जेवण आटोपून दुपारी स्वारी उतरू लागली. गोणी मावशींकडे उतरली, सबब मागील खटके दोन कमी केले. बेचाळीस वळणे झाली. मातोश्रींनी ती मोठ्याने मोजिली, आणि एकही चुकले नाही. कळावे.