दोन राजे आणि उन्हाची खोली

वरच्या मजल्यावरची उन्हाची खोली कोणाची, हे पोकरवर ठरवायचं ही कल्पना शिंप्याचीच. सासूबाई कायमच्या राहायला आल्या आणि त्या खोलीत सामान टाकून मोकळ्या झाल्या. शिंपी मात्र बारा वर्षं जिन्याखाली दिव्याच्या उजेडात कापड बेतत होता. काळ्या कोटाला निळा दोरा लावल्याबद्दल दोनदा गिऱ्हाइकाची बोलणी खाल्लेली. पण सासूबाईंकडे तोंडाने खोली मागायची त्याची छाती नव्हती, म्हणून त्याने महिनाभर पुस्तक वाचून पोकर घोटलं.

पुस्तकाचं सार एवढंच: सुरुवातीला हातात आलेली दोन पानं भारी असतील तरच खेळा आणि सगळ्यांसाठी मधे मांडलेली तीन पानं उघडायच्या आत बोली जोरात वाढवा. फुसकी पानंवाले पळतात.

रविवारी दुपारी शिंपी, बायको आणि सासूबाई असे तिघं बसले. पैशांऐवजी बटणं; दर डावाला आळीपाळीने एकाने एक आणि दुसऱ्याने दोन बटणं सक्तीने आधीच लावायची. पाच वाजता ज्याच्यापुढे जास्त बटणं, त्याची खोली. शिंप्याने ओळीने एकोणीस डाव न खेळताच पानं टाकली.

"अहो, खेळताय की राखण करताय?" बायको म्हणाली.

विसाव्या डावाला दोन एक्के! त्याने सक्तीच्या बोलीच्या तिप्पट बटणं पुढे सारली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पटापट पानं टाकली.

"एवढा चिकट माणूस हात सैल सोडतोय म्हणजे काहीतरी घबाड असणार," सासूबाई म्हणाल्या. दोन एक्क्यांवर मिळाली तीन बटणं. शिंपी मनातल्या मनात चरफडला.

पाचाला पाच मिनिटं असताना दोन राजे आले. आता मात्र शिंपी शहाणा झाला. वाढवलं की पळतात ना? मग वाढवायचंच नाही, पुस्तक गेलं खड्ड्यात! या डावाची सक्तीची दोन बटणं सासूबाईंनी आधीच लावली होती. त्याने गुपचूप तेवढीच लावली. बायकोने पानं टाकली.

मधली पानं उघडली: सत्ती, सत्ती, दुर्री. असल्या चिल्लर पानांनी राजांचं काय वाकडं होणार? शिंप्याने होती नव्हती ती सगळी बटणं पुढे ढकलली. सासूबाईंनीही ढकलली. मधली उरलेली दोन पानं किरकोळच निघाली.

सासूबाईंच्या हातात एक सत्ती होती आणि एक दुर्री. म्हणजे मधल्या पानांसकट तीन सत्त्या आणि दोन दुर्र्या; त्यापुढे राजांची जोडी फिकी.

"आई, असली पानं घेऊन कोणी खेळतं का?" शिंपी कळवळला.

"फुकटात बसायला मिळालं म्हणून बसले. चार बटणं वाढवली असतीत तर केव्हाच उठले असते, जावईबापू."

शिंपी मान खाली घालून बटणं रंगाप्रमाणे वेगळी करू लागला.

"पण खोली हवी कशाला होती तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"कापायला... उजेड असतो तिथे."

"मग मागायची की! दिवसभर तिथे एकटी बसून मी भिंतींशी बोलते. आणा ते टेबल वर."

सोमवारी सकाळी उन्हात कापड पसरल्यावर शिंप्याला इतकं बरं वाटलं, की तो चक्क गुणगुणायला लागला. काळा काळा दिसत होता, निळा निळा. सासूबाई खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"जावईबापू, डावी बाही आखूड होतेय."

त्याने मोजून पाहिली. झाली होती.