पोलादी बगळ्याचा रिकामा हात

पुस्तक कसं हाताळावं हे सगळ्या टोलेडो शहरात आपल्या एकट्यालाच कळतं, असं थर्मन ग्रूबरचं प्रामाणिक मत होतं. आधी हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, मग पुस्तक तळव्यांवर घेऊन चार बोटंच उघडायचं आणि फटीतून आत डोकावायचं. जणू झोपलेल्या मगरीचे दात मोजतोय! कण्यावर एक सुरकुती पडली की संग्राहकाच्या लेखी पुस्तक बाद. थर्मनच्या एकाही पुस्तकाला सुरकुती नव्हती.

म्हणूनच लामार प्रुइटने आपल्या कॉमिक्सच्या दुकानात परीक्षणं लिहायचा मान त्याला दिला होता. बुधवारी नवा माल येई, थर्मनची चिठ्ठी फळीला लागे, आणि गिऱ्हाइकं आधी चिठ्ठी वाचत.

या खेपेला 'पोलादी बगळा' या जुन्या कॉमिक्स-नायकाचा संग्रह आला. तीस जुने अंक एका पुस्तकात, सातशे वीस पानं. थर्मनला त्यातला अठ्ठाविसावा, बगळ्याच्या मृत्यूचा, हवा होता. लहानपणी नेमक्या त्याच आठवड्यात त्याला कांजिण्या आल्या, दुकानातले अंक विकून संपले, आणि बगळा आपल्याविना मेला ही चुटपुट त्याला पन्नास वर्षं होती.

त्याने ते फटीतून वाचलं आणि चिठ्ठी लिहिली. कथा सलग मिळते, महिनाभर वाट पाहावी लागत नाही, रंग टवटवीत आहेत. मात्र वजनाने मनगट धरतं. आणि मुख्य दोष: 'दोन पानांवर पसरलेल्या मृत्यूच्या चित्रात बगळा हात पुढे करतो, तो कोणाकडे? तिथे कोणीच नाही. चित्रकर्तीला जेवायला जायची घाई झाली असावी.'

लामार पोट धरून हसला. चिठ्ठी मोठ्या अक्षरांत छापून त्याने दर्शनी काचेवर लावली.

दोन आठवड्यांनी कळलं, चित्रकर्ती ओटिली व्हॅनेक स्वतः सह्या करायला येणार. वय चौऱ्याऐंशी. लामारने सुचवलं, चिठ्ठी तेवढा दिवस काढू या. थर्मन म्हणाला, पाहुणे आले म्हणून सत्याला माळ्यावर टाकत नाहीत.

व्हॅनेकबाई आल्या, काचेपाशी थांबल्या, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि आत येऊन विचारलं, "हा ग्रूबर कोण?"

थर्मन पुढे झाला. सह्यांसाठी जमलेली तीस माणसं बघत होती.

"तुझं पुस्तक दे बघू."

त्यांनी ते गल्ल्याजवळच्या टेबलावर ठेवलं, सहाशे साठावं पान काढलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. काडकन आवाज झाला! तीसही माणसं कळवळली. कोणाचं तरी हाड मोडावं तशी.

दोन पानांच्या मधल्या घडीत, शिलाईत रुतलेली, एक म्हातारी उभी होती. डोक्याला रुमाल. तिने बगळ्याचा हात दोन्ही हातांत धरला होता.

"मूळ अंकाचं हे मधलं पान," बाई म्हणाल्या. "दोन पिनांवर सपाट उघडायचं. या जाड ठोकळ्याने तिला घडीत गिळलंय, छापणाऱ्यांची चूक आहेच."

"कोण आहे ही?" थर्मनने विचारलं.

"त्याची आई. चेहरा माझ्या आईचा. पण अरे, तू उघडून तरी पाहायचंस."

थर्मनचे कान तापले. पन्नास वर्षं वाट पाहिली, आणि हाती आल्यावर चार बोटं उघडलं! तो बाहेर गेला आणि काचेवरची चिठ्ठी नखाने खरवडू लागला. लामारने ती चांगल्या डिंकाने लावली होती. आतून तीस माणसं बघत होती. 'जेवायला जायची घाई झाली असावी' एवढं काही केल्या निघेना.

परत येऊन त्याने खालमानेने सही मागितली. बाईंनी नेमकी त्या घडीत केली, वर एक ओळही लिहिली.

थर्मन ते पुस्तक आता सगळ्यांना दाखवतो. सही दिसायला पुस्तक पार सपाट करावं लागतं. कण्यावर सुरकुत्यांचं जाळं झालंय. ती ओळ मात्र तो अंगठ्याखाली झाकतो. नुसत्या सहीवर कोणाचं समाधान झालं नाही, तरच अंगठा उचलतो:

'ग्रूबर, त्या दिवशी मी डबा आणला होता.'