साहेबांच्या शेजारी उंदीर

"मॅडम, ह्यात फोटू कुणाचाच न्हाई," रविराज म्हणाला. "बिनफोटूचं कसं छापायचं?"

"आहेत की फोटो. हे काय?"

"हे उंदीर हायेत, मॅडम."

शिरूरच्या बाजारपेठेत रविराजचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, दशक्रिया, झालेली निवड आणि होऊ घातलेली निवड, अशा सगळ्या प्रसंगांचे साचे त्याच्याकडे तयार असत. संशोधनाच्या पोस्टरचा साचा तेवढा नव्हता, कारण असलं काही शिरूरमध्ये कुणी त्याच्याकडे छापायला आणलंच नव्हतं. तहमीनाने आणलं, आणि तिथूनच तिच्या नशिबाचे फासे उलटे पडायला लागले.

तहमीना गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. शिकवायची तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हवा खायची. उरलेल्या वेळात तिने उसाच्या चिपाडापासून एक पातळ, थंडगार, जेलीसारखी पट्टी बनवली होती. साखरेच्या रोग्याची जखम बरी होत आली की ड्रेसिंग ओढताना नवी कातडी सोलून निघते. तिच्या अब्बांच्या पायाचं बोट त्यातच गेलं होतं. ही पट्टी जखमेला ओल देई आणि काढताना अलगद निघून येई. पुण्यातल्या एका कॉलेजने ती उंदरांवर लावून बघितली. उंदीर बरे झाले.

आता पुण्यात मोठी परिषद होती. डॉक्टर, रसायनवाले आणि मटेरियल सायन्सवाले अशा तिन्ही जमाती एकत्र येणार होत्या. ज्याचं पोस्टर सरस ठरेल, त्याला दोन वर्षांचा प्रकल्प, सुसज्ज प्रयोगशाळा आणि माणसासारखा पूर्ण पगार. नियम साधा होता: पोस्टरवर ज्याचं नाव पहिलं, त्याचा प्रकल्प. तहमीनाने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं नाव सगळ्यात वर लिहिलं होतं.

रविराज माणूस वाईट नव्हता. उलट काळजीपोटीच त्याने तिच्यादेखत प्राचार्यांना फोन लावला. "सर, संस्थेचं नाव हाय आन् अध्यक्षसाहेबांचा फोटू न्हाई. मागं एकदा मी असंच छापलं व्हतं, तवा लोकं दुकान फोडायला आलती."

प्राचार्य चप्पल अर्धवट घालूनच आले.

"मॅडम, तुम्ही संस्थेचं नाव घातलंत आणि साहेबांना विसरलात?"

"सर, हे वैज्ञानिक पोस्टर आहे."

"मग? विज्ञान काय संस्थेच्या बाहेर आहे?"

 यावर उत्तर होतं, पण पुढच्या वर्षी कुणाला किती तास द्यायचे हे प्राचार्यच ठरवत असल्यामुळे ते तोंडातून बाहेर येत नव्हतं. रविराजने कॉम्प्युटरमधून अध्यक्ष मारुतरावांचा फोटो काढला, भगवा फेटा, हात जोडलेले, आणि पोस्टरवर एकच मोकळी जागा होती तिथे बसवला. मग तिघांनीही पडद्यावर बघितलं. डावीकडे पाठीवर जखम झालेला उंदीर, खाली 'उपचारापूर्वी'. उजवीकडे गुटगुटीत उंदीर, खाली 'उपचारानंतर'. मधोमध मारुतराव.

प्राचार्यांना दरदरून घाम फुटला. "साहेबांच्या शेजारी उंदीर? काढा. दोन्ही काढा."

"सर, उंदीर हाच माझा पुरावा आहे."

"पुरावा कोर्टात लागतो, मॅडम. आपण पुण्याला चाललोय."

उंदीर गेले. त्यांच्या जागी डावीकडे उपाध्यक्ष आणि उजवीकडे अध्यक्षांचे चिरंजीव सत्यजीतदादा आले. ही बातमी बाहेर पडायला वेळ लागला नाही. बाजार समितीची निवडणूक तोंडावर होती. इनामगावच्या साखरबाई, संस्थेच्या जुन्या संचालिका, थेट दुकानातच येऊन बसल्या. "मारुतरावांचा फोटू हाय तेवढाच माझा पायजे," त्या म्हणाल्या. "न्हाईतर माझ्या गावची मतं कुठं जात्यात ते बघाच." मग साखरबाई आल्या म्हणून बाकीचे संचालक आले, संचालक आले म्हणून त्यांच्या विरोधातलेही आले, कारण त्यांना वगळलं तर फूट पडली असती. पोस्टरचा फ्लेक्स झाला आणि फ्लेक्स दोन चौकटींत मावेनासा झाला. पद्धत गेली, संदर्भ गेले. आलेख काडेपेटीएवढा होऊन कोपऱ्यात जाऊन बसला.

तोही सुखाने बसू दिला नाही. सत्यजीतदादांनी त्याच्यावर बोट ठेवलं. "रविराज, ही रेघ खाली का चाललीय?"

"जखम लहान होत जाते ना," तहमीना म्हणाली, "म्हणून."

"पण दिसायला कसं दिसतंय, मॅडम? पप्पांच्या फोटोखाली उतरती रेघ. इलेक्शन हाय. उलटी कर रे ती."

रविराजने एका क्लिकमध्ये उलटी केली. आता तहमीनाची पट्टी लावल्यावर जखम झपाट्याने वाढत होती.

राहता राहिली नावं. पहिलं नाव संशोधकाचं असतं, हे तिने प्राचार्यांना शांतपणे सांगून बघितलं, हात जोडून सांगून बघितलं, शेवटी रडवेली होऊन सांगितलं. प्राचार्यांनी खिशातून एका लग्नाची पत्रिका काढून तिच्यापुढे धरली. "ह्यात पहिलं नाव कुणाचं आहे? साहेबांचं. नवरदेवाचं कुठे आहे? खाली. आणि लग्न कुणाचं आहे? नवरदेवाचंच ना? मग बिघडलं काय?" तहमीनाचं नाव सगळ्यात शेवटी, साखरबाईंच्या पदराला टेकून आलं. 

परिषदेत मारुतराव दोन गाड्या भरून माणसं घेऊन आले. इतरांची पोस्टरं भिंतीवर गपगुमान टांगलेली होती; शिरूरच्या फ्लेक्ससाठी मात्र शेजारच्या दोघांना सरकावं लागलं. परीक्षक होत्या डॉक्टर साधना, मधुमेहाच्या जखमांवर आयुष्य घालवलेल्या. त्यांनी चष्मा वर करून सगळे फोटो बघितले आणि वाकून आलेख शोधला.

"ह्यात जखम वाढतेय का?"

"वाढणारच!" मारुतराव म्हणाले. "आमची संस्था दरसाल वाढतीच हाय."

तहमीनाने लॅपटॉप उघडला. खरा आलेख दाखवला, उंदीर दाखवले, पट्टी कशी बनते, ओल कशी धरते, कातडीला का चिकटत नाही, सगळं सांगितलं. डॉक्टरबाई पुढच्या पोस्टरकडे जायचं विसरून गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मग पहिलं नाव तुमचं का नाही?"

तहमीनाने तोंड उघडायच्या आत प्राचार्य मध्ये आले. "प्रोटोकॉल, मॅडम."

संध्याकाळी निकाल लागला. शिरूरचं काम सर्वांत सरस. प्रकल्प पहिल्या नावाला.

"अभिनंदन!" प्राचार्य तिला म्हणाले. "आपल्याला मिळालं! साहेबांना वेळ नाही, तर त्यांच्या वतीने सत्यजीतदादा काम बघतील. त्यांचं बी. कॉम. झालंय. तुम्ही त्यांना जरा रसायनशास्त्र शिकवा. तासिका तत्त्वावर."

यानंतर सत्कार होणं भागच होतं. मार्केट यार्डात मांडव पडला. प्रमुख पाहुण्या म्हणून डॉक्टर साधनांनाच बोलावलं, म्हणजे प्रकल्पाच्या कागदावर सह्याही तिथेच उरकतील. यवतहून तहमीनाच्या अब्बांना, फकीरभाईंना, मुद्दाम गाडी पाठवून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. लेकीचं कौतुक ऐकायला आलोय असं समजून ते नवा शर्ट घालून आले होते. पण प्राचार्यांनी माइकवर सांगितलं, "ह्या गरीब माणसाचं तुटलेलं बोट साहेबांनी बघितलं, साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून ही पट्टी जन्माला आली!" टाळ्या पडल्या. फकीरभाई गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. मारुतरावांना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं.

मग प्राचार्यांच्या डोक्यात प्रात्यक्षिक आलं. मारुतरावांना साखर होती, आणि सत्काराचा नवा बूट सकाळपासून त्यांची टाच चावत होता. "साहेबांनी शोधलेली पट्टी, साहेबांच्याच पायाला!" असं म्हणत प्राचार्य प्रयोगशाळेतली डबी घेऊन पुढे आले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. साहेबांचा बूट निघाला, मोजा निघाला, आणि साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मंचावर मागे उभ्या असलेल्या तहमीनाला जवळ खेचलं.

"मॅडम, खरं सांगा, ह्यात हाय काय?"

"साहेब, ही अजून माणसाला लावलेली नाही."

"मंग कुणाला लावलीया?"

"उंदरांना."

"उंदरांना? हे मला कुणी सांगितलं कसं न्हाई?"

"पोस्टरवर होते. सरांनी काढून टाकले."

 पण मारुतराव म्हणजे चाळीस वर्षं निवडणुका लढवलेला गडी. त्यांनी पाय खाली घेतला आणि माइक हातात. "बंधूंनो, ही पट्टी म्या माझ्यासाठी न्हाई काढली. गोरगरिबांसाठी काढली. मंग पैला मान कुणाचा? आपल्या फकीरभाईंचा!"

पुन्हा टाळ्या. दोन कार्यकर्ते खाली उतरून फकीरभाईंची चप्पल काढायलाही लागले. "साहेब, राहू द्या," फकीरभाई म्हणत होते, पण टाळ्यांत ऐकतो कोण. तहमीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. तिने प्राचार्यांच्या हातून डबी हिसकावली आणि मारुतरावांच्या हातून माइक.

"ही पट्टी कुणालाही लावायची नाही! ही फक्त उंदरांवर तपासलीय. माणसावर तपासायला अजून परवानगी मिळायचीय. माझ्या अब्बांच्या पायाला हात लावाल तर याद राखा!"

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "साहेबांना उंदराचं औषध!" आणि सगळं यार्ड हसायला लागलं. विरोधी गटाचे लोक खुर्च्यांवर उभे राहून हसले.

प्राचार्यांनी माइक ओढून घेतला. साहेबांची अब्रू वाचवायची तर वाटेल ते बोलायची त्यांची तयारी होती. "शांत व्हा! ह्या गोंधळाशी साहेबांचा काडीचा संबंध नाही! हे सगळं संशोधन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकट्या तहमीना मॅडमचं आहे! साहेबांनी त्याला हातसुद्धा लावलेला नाही! आणि असल्या बेजबाबदार मॅडमना संस्था आत्ताच्या आत्ता कमी करत आहे!"

डॉक्टर साधना खुर्चीतून उठल्या. "थांबा. काम एकट्या यांचं आहे, हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगताय?"

"छातीठोकपणे सांगतो!"

"बरं झालं. मग प्रकल्प यांच्याच नावावर. मी कागद तसे दुरुस्त करते." त्यांनी पेनचं टोपण काढलं.

 इतकं सोपं होतं? तहमीनाने अब्बांकडे बघितलं. ते वाकून चप्पल शोधत होते. प्राचार्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

मारुतराव मात्र खुर्चीत आरामात मोजा चढवत होते. "डॉक्टरबाई," ते मऊ आवाजात म्हणाले, "अडाणी माणूस हाय, म्हणून इचारतो. ह्यो प्रकल्प कुणालाबी देता येतो, का संस्थेत नोकरीला असणाऱ्यालाच?"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "संस्थेत असणाऱ्यालाच."

"मंग ह्या तर न्हाईत आता आमच्याकडं. सरांनी समद्यांसमोर काढलं की. आमचा सत्यजीत हाय बघा, तयार."

"ते मी होऊ देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नका देऊ. आमचं काय जातंय?"

खरंच काही जात नव्हतं. डॉक्टरबाई तहमीनाचे दोन्ही हात धरून बराच वेळ काहीतरी समजुतीचं बोलल्या, पण नियम नियमच होता. प्रकल्प दुसऱ्या क्रमांकाच्या पोस्टरला गेला. ते कुणा नागपूरच्या गृहस्थांचं होतं. मारुतरावांचा सत्कार ठरल्याप्रमाणे पार पडला, कारण शाल आणलेली होती आणि जेवण तयार होतं. तहमीना जेवायला थांबली नाही. न्यायला गाडी आली होती, पोचवायला नव्हती, म्हणून ती आणि अब्बा एसटी स्टँडवर येऊन बसले.

 लेक रडतेय हे फकीरभाईंना दिसत होतं.

"पन बेटा," शेवटी ते म्हणाले, "तुझं नाव घेतलं की मायकवर. समद्या शिरूरनं ऐकलं."

"कशासाठी घेतलं तेही ऐकलंत ना, अब्बा?"

"ते ऱ्हाऊ दे. पैलं घेतलं का न्हाई?"

तहमीनाने पदराने डोळे पुसले. समोर दौंडची गाडी लागत होती.

"पहिलंच घेतलं," ती म्हणाली. "मागं उभं राहायला दुसरं कुणी तयारच नव्हतं."