टाकी ते टाकी

गाडी कशी निवडावी हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं भंडाऱ्याला यावं अन् मला भेटावं! लोक काय, रंग पाहतात, शेजाऱ्याची गाडी पाहतात, अन् घेऊन मोकळे होतात. मी तसा नाही. मी गणिताचा मास्तर आहे. एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवतो. मी गाडी मनानं निवडत नाही, तक्त्यानं निवडतो!

तर मी फ्रिजवर तक्ता चिकटवला. पाच गाड्या, तीन रकाने: दम, ॲव्हरेज, किंमत. प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिल्या बेरजेत एक पांढरी, उंच, सात सीटांची गाडी पहिली आली. माझी आवडती लाल, बसकी, स्पोर्टी गाडी चौथी आली. म्हणून मी दमाच्या रकान्याला दुप्पट वजन दिलं. लाल दुसरी आली. तिप्पट दिलं. पहिली आली! गणित म्हणजे असं असतं, प्रामाणिक.

माझी बायको दामिनी चहा गाळता गाळता तक्ता वाचत होती.

"हे तर तुमी आदी लाल गाडी ठरवली अन् मंग गणित मांडलं जी!"

"अगं, एकशे अठरा घोड्यांची ताकद आहे तिच्यात!"

"एकशे अठरा घोडे घेऊन जानार कुठी? कॉलेज अडीच किलोमीटरवर. मधात सात गतिरोधक. अन् आमच्या सानगडीवरून, माहेरावरून, येतानी गाडीत किती मानसं अन् किती कट्टे-पोते असते, तो रकाना कुठी आहे?"

तो रकाना नव्हता. मुद्दामच नव्हता.

खरं सांगतो, मला ती लाल गाडी फार हवी होती. चव्वेचाळीस वर्षांत मी सगळं शहाण्यासारखंच केलं. शर्ट घेतला तर मळखाऊ रंगाचा, चप्पल घेतली तर एक नंबर मोठी. एकदा तरी लोकांनी मागे वळून पाहावं, असं काहीतरी घ्यावं वाटत होतं. हे दामिनीलाही कळत होतं, म्हणून तिनं सरळ नाही म्हटलं नाही. तिनं अट घातली.

"रस्त्यावर, खरंखुरं, अठराच्या वर ॲव्हरेज निघालं तर लाल घ्या. मी तोंड उघडनार नाई. नाई निघालं तर मुकाट्यानं पांढरी. मंजूर?"

"मंजूर!" मी म्हणालो. कंपनीच्या कागदावर वीस लिहिलं होतं. दोन किलोमीटर तर माझ्या खिशातच होते!

आता चाचणीला गाडी कुठून आणायची? तर आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा अमर, माझा दोस्त, त्यानं तीच गाडी, त्याच रंगाची, दिवाळीला घेतली होती. रविवारी एका दिवसासाठी द्यायला तो तयार झाला. वर बजावलं, "ने बे भोजराज. पन ओरखडा नको पडू देऊ. माही बायको त्या गाडीले पोरीवानी जपते."

"ॲव्हरेज किती देते रे?"

"मले तेरा देते. पन मी पळवतो."

मी मनात हसलो. गाडी चालवणं वेगळं अन् मोजणं वेगळं! माझी पद्धत साधी होती. टाकी तोंडापर्यंत भरायची, सानगडीला सासुरवाडीला जाऊन यायचं, अन् परत त्याच पंपावर टाकी तोंडापर्यंत भरायची. परतल्यावर जेवढं पेट्रोल मावलं, तेवढं गाडी प्यायली. किलोमीटर भागिले लिटर. यात खोट निघूच शकत नाही. समोरच्या काचेखाली पडद्यावर गाडी स्वतःच ॲव्हरेज दाखवते म्हणा, पण पडद्यावर विश्वास ठेवायला मी काय भौतिकशास्त्राचा मास्तर आहे?

रविवारी सकाळी टाकी काठोकाठ भरली. पंपावरचा माणूस म्हणाला, "साहेब, अजून टाकलं तं बाहेर येईन." तेव्हा थांबलो.

निघालो. साकोलीचा मोठा रस्ता, दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाच्या बांध्या, गार हवा, अन् मी लाल स्पोर्टी गाडीत. ताशी पंचेचाळीस! त्याच्यावर गेलं की ॲव्हरेज पडतं. खिडक्या बंद, कारण वारा अडतो. रेडिओ बंद, कारण उगाच कशाला? लाखनीच्या अलीकडे धानाचे कट्टे भरलेल्या ट्रॅक्टरनं मला ओलांडलं. मग एका मोटारसायकलवरच्या तिघांनी ओलांडलं, अन् त्यातल्या मागच्यानं वाकून आत पाहिलं, कोणी आजारी आहे का म्हणून!

"एकशे अठरा घोडे म्हनत होते ना?" दामिनी म्हणाली. "झोपले का जी सगळे?"

"तू पडदा पाहा!" पडद्यावर सतरा पूर्णांक नऊ होतं. अजून दोन दशांश आले की लाल माझी!

सानगडीला पोहोचलो. माझे सासरे केशवराव, तांदळाचे व्यापारी, ओसरीवर बसले होते. लाल गाडी दारात थांबली तसे ते उठले अन् त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"अवो शकुन! आरतीचं ताट आन! जावईबापूनं नवी गाडी घेतली!"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं! पण तोवर समोरच्या घरातले, बाजूच्या घरातले, किराणा दुकानातले, सगळे गोळा झाले. एक म्हातारा म्हणाला, "वा! मास्तरनं नाव काढलं!" दामिनी माझ्याकडे पाहत होती, सांगा म्हणून. अन् मी... उघडलेलं तोंड मिटलं. ऐकायला बरं वाटलं हो! झालं, सांगून टाकलं.

सासूबाई शकुनबाई ताट घेऊन आल्या. अमरच्या बायकोनं पोरीसारख्या जपलेल्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी हळद-कुंकवाचं हे एवढं स्वस्तिक काढलं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. झेंडूचा हार घातला. मग केशवरावांनी नारळ घेतला, हात डोक्याच्या वर नेला, अन् मला कळलं की तो बॉनेटच्याच दिशेनं येणार आहे!

"बाबा, दगडावर! दगडावर!" मी मधात उडी घातली.

"काहून? लोखंडाची नाई का गाडी?"

"आहे, पण... नवी आहे ना!"

नारळ पायरीवर फुटला. पेढे वाटले. मी प्रत्येकाकडून अभिनंदन घेतलं, अन् प्रत्येक अभिनंदनाला दामिनीचा कोपर माझ्या बरगडीत लागत होता.

एवढ्यात दामिनीचे मामा भय्याजी पुढे आले. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, टायरला पायानं ठोकलं अन् म्हणाले, "जावईबापू, पळते का, का नुसतीच लाल आहे?"

आता तुम्हीच सांगा, यावर माणूस काय करणार? अर्धी गल्ली पाहून राहिलेली. मी भय्याजींना बसवलं, तलावाच्या पाळीकडच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर नेलं अन् पाय दाबला. आईशप्पथ! भय्याजींची टोपी मागच्या सीटवर गेली! एकशे अठराच्या एकशे अठरा घोडे जागे झाले. पाच सेकंद मी मास्तर नव्हतो, मी कोणीच नव्हतो, नुसता वेग होतो. परत आलो तर रांग लागलेली. अजून चौघांना पळवून दाखवलं. पाचव्या फेरीनंतर सहज पडद्याकडे नजर गेली.

आठ पूर्णांक सहा.

दमाचा रकाना भरता भरता ॲव्हरेजचा रकाना रिकामा झाला होता! मग मीच मला समजावलं, पडद्याचं काय खरं आहे? खरं ते टाकीचं.

जेवायला वडे, आलू-वांग्याची भाजी, नव्या तांदळाचा भात. सासूबाईंनी वाढलेलं नाही म्हणता येत नाही, अन् संपवल्यावर उठता येत नाही. मी ओसरीवर आडवा झालो. भय्याजी म्हणाले, "चाबी द्या, गाडी सावलीत लावून देतो." मी चाबी दिली अन् दीड तास घोरलो.

उठून पाहतो तर गाडी भरलेली! डिक्कीत नव्या तांदळाचा कट्टा, त्यावर लाखोळीची डाळ, दोन कोहळे, पोह्यांची थैली. मागच्या सीटवर बेबीबाई, दामिनीची आत्या, त्यांच्यासोबत त्यांची मोठी नणंद. "गाडी साकोलीवरूनच जाते नं? मंग आमी बशीनं कायले जाव?" बसकी गाडी आता अशी बसली होती की तिच्या पोटाखालून मांजरही गेलं नसतं.

गावाबाहेर पहिला गतिरोधक आला. खालून खर्र आवाज झाला. अमरची बायको डोळ्यांसमोर आली. मी गाडी थांबवली.

"आत्या, जरा उतरता का?"

"आली का साकोली?"

"नाही. गतिरोधक आला."

दोघी उतरल्या, गाडी तिरपी करून गतिरोधक ओलांडला, दोघी चढल्या. साकोलीपर्यंत असं सहा वेळा झालं. शेवटच्या वेळी नणंदबाई म्हणाल्या, "बाई, यापरीस चालत आली असती तं चहाच्या आत पोचली असती."

भंडारा जवळ आलं तरी पडदा कसाबसा अकरा पूर्णांक एकपर्यंतच चढला होता. माझा लाल रंग डोळ्यांसमोर फिका पडून राहिला होता. पण तेवढ्यात माझं लक्ष पेट्रोलच्या काट्याकडे गेलं. काटा जवळजवळ भरलेल्या खुणेवर!

"दामिनी! काटा पाहा!"

"अरे बापा! हे कसं काय?"

"मी म्हणत नव्हतो? पडदा खोटा! कंपनीवाले मुद्दाम कमी दाखवत असतील, गिऱ्हाईक जपून चालवावं म्हणून!" त्या घडीला मला हे अगदी पटलं होतं.

भंडाऱ्याला त्याच पंपावर, त्याच नळीखाली गाडी लावली. तोच माणूस. तोंडापर्यंत भर म्हटलं. आकडे फिरले अन् थांबले. तीन पूर्णांक दोन लिटर!

एकशे बारा किलोमीटर. भागिले तीन पूर्णांक दोन. मी तोंडीच केलं, मग मोबाइलवर केलं, मग पंपवाल्याच्या कॅल्क्युलेटरवर केलं. पस्तीस! बरोब्बर पस्तीस, पॉइंटाच्या पुढे शून्य!

मी पंपवाल्याला मिठी मारली. दामिनी बिचारी पावती हातात घेऊन दोनदा वाचत होती. मग म्हणाली, "ठीक आहे जी. बोलली ते बोलली. घ्या लाल." तिचा चेहरा एवढासा झाला होता. मलाही वाईट वाटलं, पण सांगू का, फार वेळ नाही वाटलं. मी तिथूनच शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं: 'टाकी ते टाकी पद्धतीने सिद्ध! ॲव्हरेज ३५! चालवणाऱ्याच्या डोक्यात गणित हवे.' खाली अमरचं नाव जोडलं, त्यालाही शिकायला मिळावं म्हणून.

घरी पोहोचलो. कट्टा उतरवला, स्वस्तिक पुसलं (पुसून गुलाबी झालं), अन् बुकिंगसाठी शोरूमला फोन लावणार, तोच केशवरावांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"पोचले का जावईबापू सुखरूप?"

"पोचलो बाबा. अन् ऐका, गाडीनं पस्तीसचं ॲव्हरेज दिलं!"

"देईनच! अन् पेट्रोल पुरलं ना बरोबर?"

"पेट्रोल? म्हणजे?"

"अजी, तुमी झोपले होते तवा भय्याजीले पाठवलं होतं पेट्रोलले. सात लिटर टाकलं. जावई पहिल्यांदा नवी गाडी घेऊन दारात येते, त्याची टाकी उनी कशी पाठवाची? आमच्यात तसं चालत नाई. तुमी नाई म्हनाल म्हनून चुपचाप टाकलं."

दामिनीनं माझ्या हातातून हळूच मोबाइल काढून घेतला. तिला कॅल्क्युलेटर लागला नाही.

"तीन पूर्णांक दोन अन् सात. दहा पूर्णांक दोन. म्हनजे अकरासुद्धा पूर्ण नाई जी."

मग ती फोनकडे वळली. "बाबा, एक सांगतो. ते गाडी यांची नाई. यांच्या दोस्ताची आहे. पाहाले आनली होती."

मग केशवराव सावकाश म्हणाले, "मंग सात लिटर मी कोनाच्या गाडीत टाकलं?"

मी रात्री शिक्षकांच्या ग्रुपवरचा निरोप पुसला. पण उशीर झाला होता. सकाळी सातला अमर दारात! "अबे, तुले पस्तीस देते अन् मले तेरा? मी आज सुट्टी टाकून कंपनीत भांडाले चाललो! माह्या गाडीत काहीतरी काळंबेरं आहे!" आता त्याला भांडायला कसा जाऊ देणार? सगळं सांगावं लागलं. सासरे, सात लिटर, लिंबं, सगळं. तो पायरीवर बसून इतका हसला की दामिनीनं त्याला पाणी आणून दिलं.

त्याच आठवड्यात पांढरी, उंच, सात सीटांची गाडी बुक केली. दामिनीनं एका शब्दानंही टोचलं नाही.

मंगळवारी अकरावीच्या वर्गावर गेलो, तर फळ्यावर अमरच्या अक्षरात गणित लिहिलेलं: 'एका मास्तरच्या गाडीने ११२ किलोमीटर अंतर कापले. परत आल्यावर टाकीत ३.२ लिटर पेट्रोल मावले. मास्तर झोपले असताना सासऱ्याने ७ लिटर टाकले होते. तर गाडीचे खरे ॲव्हरेज काढा.'

वर्गात बेचाळीस पोट्टे आहेत. बेचाळीसच्या बेचाळीस जणांचं उत्तर बरोबर आलं. एकोणीस वर्षांत माझ्या विषयाचा असा निकाल पहिल्यांदाच लागला.